गादी आणि खुर्ची

व्यापाराच्या निमित्ताने अथवा सहलीसाठी क्वालालंपूरला जाऊन आलेल्या आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या पाकिटात परतताना एखाद-दुसरी रिंगिटची नोट शिल्लक राहिलेली असते. ती नोट एकाची असो वा शंभराची, तिच्यावर चित्र एकाच गृहस्थाचे. मलय पद्धतीचे शिरोवस्त्र धारण केलेले, शांत मुद्रेचे हे गृहस्थ म्हणजे तुआंकू अब्दुल रहमान. १९५७ साली इंग्रजांची सत्ता संपून मलाया स्वतंत्र झाला, तेव्हा त्या देशाचे ते पहिले महाराज झाले. त्याच वेळचे पंतप्रधानही तुंकू अब्दुल रहमान याच नावाचे होते, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. पंतप्रधान केडा राज्याचे राजपुत्र, तर नोटेवरचे महाराज नगरी सेंबिलानचे. पंतप्रधानांना फुटबॉलचे वेड होते आणि आशियाई फुटबॉल महासंघाचे अध्यक्षपद त्यांनी कित्येक वर्षे भूषविले. राजवाड्यातून क्रीडासंस्थांच्या कार्यालयात येण्याची वाट मलेशियात अशी जुनी आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय आहे नोटेवरील महाराजांचे नातू, तुंकू इम्रान. १९४८ साली जन्मलेले हे राजपुत्र स्क्वॅश आणि क्रिकेट या दोन खेळांचे आयुष्यभराचे वाली झाले. त्यांच्या नावापुढे अध्यक्षपदांची मोठी रांग आहे. परंतु ती पदे मोजून दाखवणे हा येथील हेतू नाही. आपल्यासारख्या पेढी सांभाळणाऱ्या घरांना त्यांच्या जीवनात रस वाटावा, त्याचे कारण वेगळे आहे. ज्या घरात गादी आहे, त्या घरात जन्मून जो गादीवर बसत नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न आपल्याही घरोघरी असतो.

प्रथम त्या घराण्याची रीत समजून घेतली पाहिजे. नगरी सेंबिलान म्हणजे नऊ राज्ये. यातील ‘नगरी’ हा शब्द आपल्या संस्कृतातूनच तिकडे गेलेला. सुमात्रा बेटावरील मिनांगकाबाऊ लोक येथे येऊन वसले आणि आपले कुलाचार बरोबर घेऊन आले. त्यांच्या रिवाजाप्रमाणे कुळ आईकडून चालते आणि वडिलोपार्जित जमीन मुलींकडे जाते. आपल्याकडील वारसाहक्काच्या तंट्यांची आठवण ठेवून हे वाचले, तर नवल वाटेल. राजगादी मात्र पुरुषवंशातच राहते; पण तीही बापाकडून मुलाकडे आपोआप जात नाही. राजाचे निधन झाले की ‘उंदांग’ म्हणविले जाणारे चार परगण्यांचे प्रमुख एकत्र येतात आणि राजकुलातील पात्र पुरुषांमधून एकाची निवड करतात. सुंगाई उजोंग, जेलेबू, जोहोल आणि रेंबाऊ हे ते चार परगणे. उंदांग स्वतः कधी राजे होऊ शकत नाहीत. पण राजा कोण, हे तेच ठरवतात. राजकुलातील चार प्रमुख राजपुत्रांना ‘पुत्रा यांग अंपात’, म्हणजे चार पुत्र, असे म्हणतात. त्यांच्यातील एका पदवीचे नाव ‘लक्समाना’ आहे. मलय भाषेत याचा अर्थ नौसेनापती, आणि मूळ शब्द रामायणातील लक्ष्मण! मुस्लिम राजघराण्याच्या पदव्यांत हे शब्द शतकानुशतके सुखाने नांदत आले आहेत.

राजधानीच्या श्री मेनांती या गावी जुना लाकडी राजवाडा आजही उभा आहे. १९०८ साली पूर्ण झालेल्या या वास्तूत एकही लोखंडी खिळा वापरलेला नाही आणि तिला नव्व्याण्णव खांब आहेत.

या रिवाजाचा प्रत्यय इम्रान यांना ऐन तारुण्यात आला. १९६७ साली त्यांचे काका, राजे तुआंकू मुनाविर, निवर्तले. त्यांचे पुत्र मुहरिझ तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. उंदांगांनी मुलाला न निवडता दिवंगत राजांचे बंधू तुआंकू जाफर यांना गादीवर बसविले. जाफर हे मुरलेले मुत्सद्दी. परदेशांतील वकिलातींत त्यांनी अनेक वर्षे काढली होती. गादी आपल्याकडे येईल अशी त्यांची खात्री असण्याचे कारण नव्हते. इम्रान हे त्यांचे धाकट्या फळीतील पुत्र. थोरले तुंकू नकियुद्दीन. एका रात्रीत हे कुटुंब राजाचे कुटुंब झाले. ज्यांची गादी हुकली, ते मुहरिझ आणि इम्रान हे चुलतभाऊ, आणि दोघांचे जन्मसालही एकच, १९४८.

इम्रान यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. त्यांनी नॉटिंगहॅम विद्यापीठात कायद्याचा अभ्यास केला आणि १९७१ मध्ये ते बॅरिस्टर झाले. परतल्यावर वकिली न करता ते उद्योगक्षेत्रात शिरले आणि पुढे बंधूंसमवेत अंता उद्योगसमूहाच्या उभारणीत त्यांचा वाटा राहिला. अंता हे नाव त्यांच्या घराण्यातील एका पूर्वीच्या राजांचेही होते. पूर्वजाचे नाव पाटीवर असलेली पेढी चालवणे काय असते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. या समूहाची धुरा त्यांनी २००१ पर्यंत वाहिली. त्या व्यवहारांच्या तपशिलात येथे शिरण्याचे कारण नाही, कारण त्यांचे खरे चित्त दुसरीकडे होते.

ते चित्त स्क्वॅशमध्ये होते. हा खेळ आपल्या समाजात फारसा परिचित नाही, म्हणून दोन शब्द. चार भिंतींच्या बंद खोलीत दोन खेळाडू एकाच बाजूला उभे राहून रबराचा लहानसा चेंडू समोरच्या भिंतीवर मारतात. मध्ये जाळे नसते. प्रतिस्पर्धी समोर नव्हे, तर खांद्याला खांदा लावून असतो. त्यामुळे ताकदीइतकाच संयमही लागतो, कारण दुसऱ्याला वाट करून देणे हा नियमच आहे. इंग्रजांनी हा खेळ आपल्या क्लबांतून आणि छावण्यांतून पूर्वेकडे नेला. मुंबईच्या जुन्या जिमखान्यांत तो आला, तसा मलायातही आला. साहेब गेले आणि खोल्या राहिल्या. इम्रान हा खेळ उत्तम खेळत. १९७३ साली ते मलेशियाचे राष्ट्रीय विजेते होते.

खेळणाऱ्याचा हात थकला की बहुतेक जण प्रेक्षकांत जाऊन बसतात. इम्रान सभेच्या टेबलाशी जाऊन बसले. १९८९ साली ते या खेळाच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष झाले आणि १९९६ पर्यंत त्या पदावर राहिले. क्रीडाप्रशासन म्हणजे पदक देताना छायाचित्र काढून घेणे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते काम हिशेब, पत्रव्यवहार आणि मनधरणी यांचे असते. एखादा लहान खेळ मोठ्या स्पर्धेत घालायचा, तर आयोजकांना कोर्ट बांधायला राजी करावे लागते, दूरचित्रवाणीवर चेंडू दिसत नाही ही तक्रार काचेच्या भिंती उभारून सोडवावी लागते आणि देशोदेशीच्या संघटनांना एका ताटात बसवावे लागते. हे सर्व बिनपगारी. १९९५ साली पॅन अमेरिकन स्पर्धांत स्क्वॅशचा प्रवेश झाला, आणि १९९८ हे वर्ष तर या खेळाच्या भाग्याचेच ठरले: त्या वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत आणि क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धांत स्क्वॅश प्रथमच दाखल झाला.

क्वालालंपूरच्या त्या स्पर्धांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा आशिया खंडात भरण्याची ही पहिलीच वेळ. तयारी वर्षानुवर्षांची, पण आदल्या वर्षी आशियातील चलनांचे संकट कोसळले आणि रिंगिटची किंमत धडाधड घसरली. २ सप्टेंबर १९९८ रोजी सरकारने रिंगिटचा दर एका डॉलरला ३.८० असा बांधून टाकला. त्याच दिवशी उपपंतप्रधानांना पदावरून दूर करण्यात आले. ज्यांची देणी-घेणी त्या काळात त्या देशात अडकली होती, त्यांना ते दिवस आठवत असतील. अशा वातावरणात, अवघ्या नऊ दिवसांनी, ११ सप्टेंबरला स्पर्धांचे उद्घाटन झाले. उद्घाटन करणारे देशाचे महाराज होते तुआंकू जाफर, कारण मलेशियातील नऊ राजे पाच-पाच वर्षांसाठी आपल्यातून एकाला महाराज निवडतात आणि १९९४ ते १९९९ ही पाळी त्यांची होती. त्याच वर्षी त्यांचे पुत्र इम्रान मलेशिया ऑलिंपिक परिषदेचे अध्यक्ष झाले. पिता राज्याचा प्रमुख आणि पुत्र देशाच्या क्रीडेचा, हा योग विरळा. टीकाकारांना त्यात घराणेशाही दिसली, तर त्यांना दोष देता येणार नाही. मात्र स्क्वॅशच्या जागतिक अध्यक्षपदाला इम्रान पोहोचले, तेव्हा वडील देशाचे महाराज नव्हते, हेही ध्यानात घ्यावे.

क्वालालंपूरमध्ये क्रिकेटही होते. मलेशियन क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद इम्रान यांनी दीर्घकाळ सांभाळले. वडिलांनाही या खेळाची ओढ. मलेशिया, सिंगापूर, हाँगकाँग आणि थायलंड यांच्यात १९९१ पासून जो करंडक खेळला जाऊ लागला, त्याला तुआंकू जाफर यांचेच नाव आहे. फुटबॉल आणि बॅडमिंटनच्या देशात क्रिकेट हा अल्पसंख्याकांचा खेळ, आणि राष्ट्रीय संघात भारतीय वंशाच्या तरुणांचा मोठा भरणा. अशा देशात १९९८ साली सोळा संघ एकदिवसीय सामने खेळायला उतरले. भारताचा दुसरा संघ त्याच दिवसांत टोरंटोला पाकिस्तानशी खेळत होता, म्हणून आपल्या मंडळाने चमू विभागला. अजय जडेजा यांच्या नेतृत्वाखाली सचिन तेंडुलकर आणि अनिल कुंबळे क्वालालंपूरला गेले. ऑस्ट्रेलियाकडून मोठा पराभव झाला आणि संघ पदकाविना परतला. सुवर्णपदक दक्षिण आफ्रिकेने जिंकले. आपल्याकडे ही स्पर्धा जवळजवळ विस्मरणात गेली आहे. पुढे चोवीस वर्षे राष्ट्रकुल स्पर्धांत क्रिकेट आलेच नाही. २०२२ साली बर्मिंगहॅमला महिलांचे क्रिकेट आले, तेव्हा भारताच्या मुलींनी रौप्यपदक मिळविले.

मलेशियाचे मैदान मात्र भारताला पुढे फळले. मार्च २००८ मध्ये क्वालालंपूरच्या किनरारा मैदानावर एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि विराट कोहली या कर्णधाराने दक्षिण आफ्रिकेला हरवून तो चषक उचलला.

त्याच २००८ च्या डिसेंबरात तुआंकू जाफर यांचे निधन झाले. एकेचाळीस वर्षे त्यांनी नगरी सेंबिलानची गादी सांभाळली होती. थोरले चिरंजीव नकियुद्दीन यांनी वडील देशाचे महाराज असताना राज्याचा कारभार पाहिलेला. इम्रान यांचे नाव जगभर माहीत झालेले. उंदांग एकत्र बसले. दोन दिवसांनी निर्णय जाहीर झाला: नवे राजे तुआंकू मुहरिझ. १९६७ मध्ये ज्यांना वगळले होते, त्याच चुलतभावाकडे एकेचाळीस वर्षांनी गादी गेली. जाफर यांच्या एकाही मुलाला ती मिळाली नाही.

या प्रसंगी इम्रान यांच्या मनात काय आले, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढे दिसते की त्यांनी ‘तुंकू मुडा सेर्टिंग’ ही चार राजपुत्रांपैकी एकाची पदवी धारण केली आणि खेळांचे काम पूर्ववत चालू ठेवले. वडील गेल्यावर गादीच्या वादातून भावाभावांची तोंडे फिरलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. अर्थात तिकडची गोष्ट वेगळी. तेथे पंच आधीपासून ठरलेले असतात आणि बाप हयात असतानाच मुलांना ठाऊक असते की निकाल कोणत्याही बाजूला लागू शकतो.

गादी गेली, तरी खुर्ची पुढे आली. नोव्हेंबर २०११ मध्ये कॅरिबियन समुद्रातील सेंट किट्स बेटावर राष्ट्रकुल क्रीडा महासंघाची सभा भरली. जमैकाचे मायकेल फेनेल १९९४ पासून अध्यक्ष होते. दिल्लीच्या २०१० च्या स्पर्धांतील गैरव्यवहारांची चर्चा अजून ताजी होती आणि बदलाची इच्छा हवेत होती. मतदान झाले; इम्रान यांनी फेनेल यांचा पराभव केला. त्यांच्या कारकिर्दीत २०१४ ची ग्लासगो स्पर्धा नीटनेटकी पार पडली. दीपिका पल्लीकल आणि जोश्ना चिनप्पा यांनी तेथे महिला दुहेरीचे सुवर्ण जिंकले. राष्ट्रकुल स्पर्धांतील भारताचे स्क्वॅशमधील ते पहिले पदक.

पुढील वर्ष विलक्षण होते. जुलै २०१५ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन क्वालालंपूरला भरले. इम्रान २००६ पासून त्या समितीचे सदस्य आणि आता यजमान देशाच्या परिषदेचे अध्यक्ष. २०२२ च्या हिवाळी स्पर्धा बीजिंगला देण्याचा निर्णय याच शहरात झाला. क्रीडाप्रशासकाच्या आयुष्यातला हा मानाचा क्षण. त्यानंतर महिना-दीड महिन्यातच ऑकलंडला राष्ट्रकुल महासंघाची निवडणूक झाली आणि स्कॉटलंडच्या लुईज मार्टिन यांनी इम्रान यांना हरविले. त्या महासंघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. चार वर्षांपूर्वी जे फेनेल यांच्या वाट्याला आले, ते आता इम्रान यांच्या वाट्याला आले.

मलेशिया ऑलिंपिक परिषदेत मात्र ते वीस वर्षे अध्यक्ष राहिले. येथे मला थोडे थांबावेसे वाटते. कोणत्याही संस्थेत, मग ती मंदिराचे विश्वस्त मंडळ असो वा व्यापारी महामंडळ, एकच अध्यक्ष वीस वर्षे असणे हे संस्थेला हितकारक असतेच असे नाही. मलेशियाला त्या काळात ऑलिंपिकचे एकही सुवर्णपदक मिळाले नाही; ली चोंग वेई बॅडमिंटनमध्ये तीनदा अंतिम सामन्यात पोहोचले आणि तिन्ही वेळा रौप्यावर थांबले. २०१६ साली रिओमध्ये चार रौप्य आणि एक कांस्य ही त्या देशाची तोपर्यंतची सर्वोत्तम कमाई. सुवर्ण न मिळण्याचा दोष अध्यक्षाच्या माथी मारणे अन्यायाचे आहे, तसेच रौप्याचे श्रेय त्याला देणेही. २०१८ मध्ये त्यांनी सत्तरी गाठली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या नियमानुसार सत्तरीला सदस्यत्व संपते. त्याच वर्षी देशातील परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी सोडले.

आता त्या गोष्टीकडे वळतो, जिच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

स्क्वॅश ऑलिंपिकमध्ये जावा, ही या खेळाच्या मंडळींची जुनी आस होती. २००५ साली सिंगापूरला तो दाराशी पोहोचला, पण लागणारी दोन-तृतीयांश मते मिळाली नाहीत. २००९ साली कोपनहेगनला गोल्फ आणि रग्बी यांची निवड झाली. सात खेळाडूंचे रग्बी राष्ट्रकुलमध्ये आले ते स्क्वॅशबरोबरच, १९९८ च्या क्वालालंपूर स्पर्धांत. बरोबर निघालेला सोबती पुढे गेला आणि स्क्वॅश दाराबाहेर राहिला. २०१३ साली ब्युनॉस आयर्सला कुस्तीला ४९, बेसबॉल-सॉफ्टबॉलला २४ आणि स्क्वॅशला २२ मते पडली. या शेवटच्या दोन्ही वेळी इम्रान स्वतः समितीचे सदस्य होते. ज्या खेळाचे ते जागतिक अध्यक्ष होते, तो त्यांच्या डोळ्यांदेखत मागे पडला. त्या सुमारास जागतिक महासंघाचे अध्यक्ष चेन्नईचे एन. रामचंद्रन होते, म्हणजे ही निराशा भारताच्याही घरची होती.

याची किंमत कोणी मोजली, हे पाहायचे असेल तर निकोल डेव्हिडकडे पाहावे. पेनांगची ही मुलगी. वडील भारतीय वंशाचे, आई चिनी वंशाची. बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत पंधराव्या वर्षी तिने सुवर्ण जिंकले. पुढे ती आठ वेळा विश्वविजेती झाली आणि सलग १०८ महिने जगात पहिल्या क्रमांकावर राहिली. मलेशियाला ऑलिंपिक सुवर्ण मिळवून देऊ शकेल अशी खेळाडू त्या देशात होती. तिचा खेळच ऑलिंपिकमध्ये नव्हता. २०१९ साली ती निवृत्त झाली.

१६ ऑक्टोबर २०२३. वांद्रे-कुर्ला संकुलातील जिओ वर्ल्ड सेंटर. आपल्या समाजातील कित्येक हिरे व्यापारी रोज ज्या भारत डायमंड बोर्समध्ये बसतात, तेथून हाकेच्या अंतरावर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन चालू होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धांसाठी पाच खेळांचा प्रस्ताव मताला टाकण्यात आला आणि तो मंजूर झाला. पाचांमध्ये क्रिकेट होते. १९०० सालच्या पॅरिसनंतर ते प्रथमच ऑलिंपिकमध्ये परतत होते. दुसऱ्या दिवशीच्या आपल्या वृत्तपत्रांची पाने त्याच बातमीने भरली. त्याच पाचांमध्ये स्क्वॅशही होता, ही ओळ बहुतेकांनी वाचली नसेल.

तुंकू इम्रान यांनी आयुष्यभर ज्या दोन खेळांची पाठराखण केली, ते दोन्ही एकाच ठरावाने, एकाच दिवशी, मुंबईत ऑलिंपिकच्या दारातून आत गेले. तोवर ते समितीचे मानद सदस्य झाले होते, आणि मानद सदस्याला मत नसते. २०२८ च्या जुलैमध्ये पोमोनाच्या मैदानावर क्रिकेटचे आणि युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात स्क्वॅशचे सामने होतील, तेव्हा त्यांचे वय ऐंशी असेल.